गेट हलवणारा आणि घरात शिरलेला

डिचोलीच्या मावशीच्या यजमानांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. इकडे फोंड्यात पाऊस असा कोसळत होता की त्यांचं अर्धं बोलणं त्यातच वाहून गेलं. "अरे, कोण तरी भितर सरता रे!" एवढंच नीट ऐकू आलं. मला वाटलं, मागच्या दाराने चोर आला. पण प्रकरण कॉम्प्युटरचं निघालं.

दुसऱ्या दिवशी गेलो. काका निवृत्त शिक्षक, त्यामुळे पुरावा तयार होता. शंभर पानी वही, पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, वेळ, आयपी पत्ता, देश. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यांना 'लॉग' नावाचं पान सापडलं होतं. त्यात मिनिटामिनिटाला 'पोर्ट स्कॅन' आणि 'डॉस अटॅक' (म्हणजे मारा करून यंत्र ठप्प करण्याचा हल्ला) अशा ओळी उमटत होत्या आणि त्या ते तीन दिवस हाताने उतरवून घेत होते. देशांच्या रकान्यात नेदरलँड्स, अमेरिका, चीन, परत नेदरलँड्स. नेदरलँड्सखाली लाल पेनाने रेघ.

वहीतला शब्द 'हल्ला'. काकांच्या तोंडचा शब्द 'शिरला'. सगळी गफलत या दोन शब्दांत आहे, आणि ती एकट्या काकांची नाही. घरातलं कॉम्प्युटरचं माणूस म्हणून मला जेवढे घाबरे फोन येतात, त्यातले बहुतेक असेच असतात.

गावात पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलवर टोपली, हातात रबरी भोंपू. तो तुमच्याच घरासमोर भोंपू वाजवत नाही, वाड्यावरच्या प्रत्येक गेटपाशी वाजवतो. आता अशी कल्पना करा की त्याच्यासारखाच एक माणूस दारोदार फिरतोय, पण पाव विकायला नाही. प्रत्येक गेटची कडी हलवून बघतो, लागलेली असली की पुढे जातो. माणूस सरळ नाही हे खरं. पण तो तुमचं नाव विचारत आलेला नाही. पोर्ट स्कॅन म्हणजे हा माणूस, फक्त माणसाच्या जागी यंत्र.

पोर्ट म्हणजे इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्याला असलेली क्रमांकाची दारं. १ पासून ६५,५३५ पर्यंत. वेबसाइटचं दार ४४३, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवण्याच्या सोयीचं, ३३८९, फाइल शेअरिंगचं ४४५, जुन्या टेलनेटचं २३. स्कॅन करणारा या दारांवर थाप मारतो आणि आतून कोण ओ देतं ते ऐकतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, पत्ते जगात साधारण ४२९ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रोग्रॅम लिहून दाखवून दिलं की एका साध्या सर्व्हरवरून, चांगल्या वेगाचं कनेक्शन असेल तर, एकेका पोर्टसाठी हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाळता येतात. तेव्हा डिचोलीच्या घरावर कोणाची खास नजर असण्याची गरजच नाही. थाप मारणाऱ्यांत शोडान, सेन्सिस यांच्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्या सेवाही असतात, संशोधक असतात, आणि चोरांनी आधीच ताब्यात घेतलेली दुसऱ्या कोणाची तरी यंत्रंही असतात. म्हणून काकांच्या चौथ्या रकान्याला अर्थ नव्हता. नेदरलँड्सचा पत्ता म्हणजे तिथल्या भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता. तो भाड्याने घेणारा कुठेही बसलेला असेल.

आणि लॉगमधली ती ओळ कसली? राउटरने थाप ऐकली आणि दार उघडलं नाही, याची ती नोंद. काकांनी वाचली ती रखवालदाराची डायरी. भाषा तेवढी राउटर बनवणाऱ्यांनी भडक ठेवली आहे. इंटरनेटवरून आलेल्या साध्या रेंगाळलेल्या उत्तरालाही काही राउटर 'अटॅक' म्हणतात.

बऱ्याच घरांत तर ही थाप राउटरपर्यंतही पोहोचत नाही. पत्ते कमी पडले म्हणून कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर तुम्ही अशा सामायिक पत्त्यामागे आहात. सोसायटीच्या मोठ्या गेटमागचा फ्लॅट म्हणा. काकांचा पत्ता तसा नव्हता. त्यांनी कॅमेऱ्यांसाठी मागून स्वतंत्र पत्ता घेतला होता. त्याकडे पुढे येतो.

आता दुसरी बाजू. पेडण्यात माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, समुद्राकडच्या अंगाला घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांना कधी कुठला 'अटॅक' दिसला नाही. राउटरचं पान असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. गेल्या हंगामात एक पाहुणा बॅगा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, पूर्ण पैसे भरलेत. यांच्या खात्यात एक रुपया नाही. त्याने मोबाइलवर मेल दाखवला. यांच्याच पत्त्यावरून गेलेला, यांच्याच सहीचा, फक्त बँक खातं वेगळं. त्यांचा मेल उघडून बसलो तेव्हा पहिली पंधरा मिनिटं काहीच सापडेना. मग सेटिंगमधल्या फिल्टरमध्ये एक ओळ दिसली: ज्या मेलमध्ये 'अ‍ॅडव्हान्स' हा शब्द असेल तो इनबॉक्समध्ये न दाखवता वाचलेला म्हणून बाजूला टाकायचा आणि त्याची प्रत एका अनोळखी पत्त्यावर पाठवायची. एवढीच खूण. कॉम्प्युटर हळू झाला नव्हता, स्क्रीनवर काही लाल झालं नव्हतं, माउस आपोआप हलला नव्हता.

शिरलेला माणूस आवाज करत नाही, कारण आवाज केला तर त्याचंच काम बिघडतं. थाप मारणाऱ्याला गुपचूप राहण्याची गरज नसते. म्हणून जे दिसतं, ऐकू येतं, घाबरवतं, ते बहुधा बाहेरचं असतं. आतलं सापडतं ते हिशेबात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला कॉम्प्युटरच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक लागेना. तो धागा धरून तो पश्चिम जर्मनीत बसलेल्या घुसखोरापर्यंत पोहोचला. ७५ सेंट! आमची मावशी दूधवाल्याच्या हिशेबात आठ आणे सोडत नाही. तिला हे काम दिलं असतं तर एवढ्यात झालं असतं.

तेव्हा काकांना मी सांगितलं, वही मिटा, आपण आत बघू. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला, त्यातली 'सिक्युरिटी'ची यादी. इथे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचावे लागतात. ४६२५ म्हणजे लॉगइन फसलं. ४६२४ म्हणजे लॉगइन झालं. काकांनी ४६२४ च्या शेकडो ओळी बघितल्या आणि खुर्चीत मागे टेकले. पण प्रत्येक ओळीत 'लॉगऑन टाइप' असतो. ५ म्हणजे विंडोजच्याच सेवा आपापसात हजेरी लावतात, त्या दिवसभर चालतात. २ म्हणजे समोर बसून पासवर्ड टाकणारा, म्हणजे काका. १० म्हणजे दुरून, रिमोट डेस्कटॉपने आलेला. तुम्ही झोपलेले असताना ४६२४ आणि टाइप १० एकत्र दिसलं तर मग तो घरात शिरलेला. बाहेरच्या पत्त्यांवरून ४६२५ च्या ओळींवर ओळी असतील तर मधली अवस्था: गेट सताड उघडं आहे आणि कोणीतरी व्हरांड्यात उभा राहून दाराला एकेक किल्ली लावून बघतोय. तो अजून शिरलेला नाही, पण इथे मात्र दुर्लक्ष नको. रिमोट डेस्कटॉप त्याच क्षणी बंद करायचा.

काकांकडे टाइप १० एकही नव्हता.

मेलवर येणाऱ्या सूचनांतही हीच जोडी असते, आणि तिथे फसगत जास्त होते. 'कोणीतरी साइन इन करण्याचा प्रयत्न केला, आम्ही अडवला' हा एक मेल. 'नव्या उपकरणावरून साइन इन झालं' हा दुसरा. रंग तोच, मांडणी तीच, फरक एका क्रियापदाचा. पहिला थापेचा, दुसरा पावलांचा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातलं 'अलीकडच्या हालचाली'चं पान उघडलंत तर पाचपन्नास देशांतून फसलेले प्रयत्न दिसू शकतात. ती फुटलेल्या याद्यांमधले पत्ते घेऊन यंत्रांनी चालवलेली फेरी असते. अर्थात असे मेल खोटेही येतात, म्हणून त्यातल्या लिंकवर न जाता स्वतः पत्ता टाइप करून खात्यात जाऊन बघायचं.

न मागता आलेला ओटीपी दोन्हीकडे बसू शकतो. जिथे फक्त मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो, तिथे कोणाला तुमचा नंबर माहीत आहे एवढाच अर्थ, कदाचित नुसता चुकून टाकलेला. पण जिथे आधी पासवर्ड लागतो आणि मग ओटीपी येतो, तिथे तो आला याचा अर्थ पासवर्ड आधीच गेला. पहिला प्रकार विसरून जा. दुसऱ्यात लगेच पासवर्ड बदला.

पावसाळ्यातल्या तक्रारींचा वेगळाच वर्ग आहे. जून-जुलैत गोव्याच्या हवेत टचपॅडवर घामट बोट ठेवलं की बाण स्वतःच नाचतो. टचस्क्रीनही दमट हवेत भुतासारखी वागते. रात्री कॉम्प्युटर आपोआप चालू झाला म्हणून घाबरलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी विंडोज अपडेट येऊन गेलेलं असतं किंवा वीज जाऊन आलेली असते. मात्र बाण नुसता नाचत नसेल, शहाण्यासारखा जाऊन फाइल उघडत असेल, तर नेटची वायर उपटा आणि मग विचार करा.

मग थापेला घाबरायचंच नाही का? घाबरायचं, पण दार आपण उघडं ठेवलं असेल तर. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला तो ४४५ क्रमांकाच्या दाराने. थाप हीच, पण ज्यांनी मार्चमध्ये आलेलं मायक्रोसॉफ्टचं अपडेट टाकलं नव्हतं त्यांच्याकडे थापेनेच दार मोडलं. दीडशेच्या आसपास देशांतली दोन लाखांहून अधिक यंत्रं अडकली. त्याआधी २०१६ मध्ये मिराय आला. त्याच्याकडे कसलीही विद्या नव्हती, कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' वगैरे. कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) आणि राउटर त्याने त्या जोरावर गोळा केले.

काकांचं उघडं दार डीव्हीआरचंच निघालं. मुलगा पुण्याला असतो, त्याला घराचे कॅमेरे दिसावेत म्हणून बसवणाऱ्याने राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून दिलं होतं, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत दार उघडून ठेवलं होतं. स्वतंत्र पत्ताही त्यासाठीच घेतला होता. पासवर्ड एक ते सहा आकडे, ओळीने. वहीत साडेतीन पानं ज्या थापा उतरवल्या त्या सगळ्या बंद दारांवरच्या होत्या. जे दार उघडं होतं तिथे जाणाऱ्या-येणाऱ्याची नोंदच राउटर ठेवत नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने ती परवानगी होती. हे सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प बसले. मावशी म्हणाली, "म्हणजे तीन दिवस हे भिंत राखत होते." ते फॉरवर्डिंग मी पुसून टाकलं, डीव्हीआरचं सॉफ्टवेअर नवं घातलं, पासवर्ड बदलला. पुण्याच्या मुलाला आता अ‍ॅपमधून दिसतं, राउटरमध्ये भोक न पाडता.

या दोन प्रकारांच्या मधोमध एक तिसरा बसलेला असतो, आणि मला त्याचाच राग जास्त येतो. 'तुमचा कॉम्प्युटर हॅक झालाय, या नंबरवर फोन करा' असं स्क्रीनभर झळकवणारा. फोन केलात की तो एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं अ‍ॅप, टाकायला सांगतो आणि मग तोच इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणा दाखवतो: बघा, किती व्हायरस! त्या खुणा प्रत्येक निरोगी कॉम्प्युटरवर असतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. थापेची भीती घालून हा पुढच्या दाराने आत येतो, आणि दार उघडणारे आपणच. काकांनी त्या रात्री मला फोन केला, स्क्रीनवरच्या नंबरला नाही, हे नशीब.

खरोखरच कोणी शिरला असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी नेट तोडा. पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून बदलू नका, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, आणि सगळ्यात आधी मेलचा, कारण बाकी सगळ्या किल्ल्या मेलमध्येच येतात. 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा, मेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. पेडण्याच्या बाईंनी आधी चार दिवस नातेवाइकांना विचारण्यात घालवले. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर नोंदवता येते, आणि गोव्यात सायबर गुन्ह्यांचं पोलीस स्टेशन रायबंदरला आहे. तक्रार करायची असेल तर घाईने फॉरमॅट मारू नका, पुरावा त्याच डिस्कवर असतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून केलेल्या उद्योगांना माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र काकांची वही घेऊन गेलात तर हवालदार चहा पाजून परत पाठवील.

वही फुकट गेली नाही म्हणा. तिच्या उरलेल्या पानांवर काकांनी घरातल्या प्रत्येक खात्याचा नवा, वेगवेगळा पासवर्ड लिहिला, तेच चार रकाने आखून, आणि ती कपाटात मावशीच्या दागिन्यांशेजारी कुलपात ठेवली. परवा फोन आला होता. राउटरचं लॉग आता बघत नाही म्हणाले. मग जरा थांबून, "नेदरलँड्सवाला मात्र अजून येतो रे."