माठातलं पाणी गार होत नाही तेव्हा

मे महिन्यात विदर्भातून कोकणात पाहुणे आले की त्यांच्या दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली : “आमच्याकडे ४४ डिग्री असतं. तुम्ही ३४ला एवढे काय हैराण होता?” दुसरी : “तुमच्या माठातलं पाणी गारच होत नाही!” पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या तक्रारीत आहे. ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘कोकणात कुठे उष्माघात होतो’ या समजापायी माणसं जिवाला मुकतात.

माठ पाझरतो. बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. आपली कातडीही हेच करते. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. मात्र तो वाळायला हवा. कपाळावरून ठिबकला, बनियन पिळून निघाला, तर पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता आतच राहिली.

घाम वाळणार की नाही, हे कशावर ठरतं? कातडीलगतच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब यांतल्या फरकावर. घामेजलेली कातडी ३५ अंशांवर असते, तिथे हा दाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटरइतका. नागपुरात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हवेतल्या वाफेचा दाब जेमतेम १० मिलिमीटर. फरक ३२. रत्नागिरीत ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर हवेतला दाब २८. फरक फक्त १४. म्हणजे घामाला उडवून नेणारा जोर आपल्याकडे निम्म्याहूनही कमी. विदर्भात घरोघरी कूलर आणि कोकणात जवळपास कुणाकडेच नाही, त्याचंही कारण हेच.

हे सगळं एका आकड्यात मांडता येतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून पंख्यासमोर धरा. पारा उतरत उतरत जिथे थांबेल ते ‘ओल्या फुग्याचं तापमान’. वरच्या उदाहरणातल्या नागपुरात ते २३च्या आसपास येतं, रत्नागिरीत २९च्या. माठातलं पाणीही याच आकड्याकडे सरकत असतं, त्याच्याखाली मात्र जाऊ शकत नाही. हा आकडा ३५ झाला, की सावलीत स्वस्थ बसलेलं धडधाकट माणूसही तासन्‌तास तग धरू शकणार नाही, असं २०१०मध्ये गणिताने मांडलं गेलं. पुढे २०२२मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. दमट हवेत, घरातल्या हलक्या कामाइतके श्रम करतानाही, साधारण ३१लाच शरीराचं तापमान आवरेनासं झालं. आपल्या २९ला आंब्याच्या झाडावर झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन उभं असलेल्या, किंवा पत्र्याच्या शेडमध्ये पेट्या भरणाऱ्या माणसाला किती मोकळीक उरते, याचा विचार करा. त्यात हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि अरबी समुद्र तापतोच आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला जमलेली १४ माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी आसपासचं तापमान ३८च्या घरात होतं, ४४ नव्हे. हवामान खातं किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर करतं ती कमाल तापमान निदान ३७ आणि सरासरीहून साडेचार अंश वर गेल्यावर. म्हणून ‘उष्ण व दमट’ एवढाच इशारा आला तरी तो लाटेइतकाच मनावर घ्या.

खिशात कांदा ठेवल्याने काहीही होत नाही. तो हवेतली वाफ शोषत नाही, घाम वाळवत नाही. ऊन लागलेल्याची दृष्ट काढत बसण्यात तर मोलाची मिनिटं जातात. कोकम सरबत जरूर प्या, पण ते ‘थंड’ म्हणून नव्हे, तर त्यात पाणी, मीठ आणि साखर आहे म्हणून.

अंगमेहनतीची कामं सकाळी लवकर उरका. वारा पडलेल्या दुपारी पंखा मोठा आधार देतो, कारण अंगालगतचा ओलसर थर तो हलवतो. एसीत वर्ष काढून आलेल्या चाकरमान्यांनी पहिल्याच दिवशी कवळं (शेत भाजायला लागणाऱ्या डहाळ्या) तोडायला जाऊ नये. शरीराला उकाड्याची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात.

आणि कुणी असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या जाऊ लागल्या, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका, श्रमाच्या उष्माघातात घाम सुटलेला असू शकतो. १०८ला फोन करा आणि गाडीची वाट न पाहता सावलीत नेऊन गार करायला लागा. इथे नुसतं ओलं फडकं पुरत नाही, कारण ते वाळतच नाही. पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि त्याला आर्द्रतेची आडकाठी नसते. विहिरीच्या पाण्याच्या कळशांमागून कळशा अंगावर ओतत राहा, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. माणूस भानावर येईपर्यंत किंवा गाडी येईपर्यंत रहाट थांबवू नका.