देवाचं राज्य आणि देवाच्या वतीने बोलणारी माणसं

पुण्यात ज्यूंची दोन प्रार्थनामंदिरं आहेत, कॅम्पातलं लाल देऊळ आणि रस्ता पेठेतलं बेने इस्राएलांचं; तिथे वाचल्या जाणाऱ्या धर्मग्रंथांत शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट येते. इस्राएल लोकांना तेव्हा राजा नव्हता. देव हाच राजा आणि तंटेबखेडे सोडवायला त्याच्या वतीने न्यायाधीश, अशी त्यांची घडी होती. शमुवेल म्हातारा झाला आणि त्याने योएल व अबीया या आपल्या दोन मुलांना न्यायाधीश नेमलं. दोघंही लाच खाऊ लागले. तेव्हा वडीलधारी मंडळी शमुवेलाकडे आली आणि म्हणाली, इतर राष्ट्रांना आहे तसा राजा आम्हालाही नेमून दे. शमुवेलाला ते लागलं. देव त्याला म्हणाला, त्यांनी तुला नाही, मला नाकारलं आहे. तरी त्यांचं ऐक, फक्त राजा काय काय करील हे त्यांना आधी सांग. शमुवेलाने ते सांगितलं: मुलगे रथापुढे धावायला नेईल, मुली स्वयंपाकाला आणि अत्तरं करायला नेईल, शेतं आणि द्राक्षमळे आपल्या चाकरांना देईल, धान्याचा आणि कळपाचा दशांश घेईल. लोकांनी तरीही राजाच मागितला.

ही गोष्ट बहुधा राजेशाहीविरुद्धचा इशारा म्हणून सांगतात. तिचा पहिला भाग मात्र घाईत निसटतो. राजाची मागणी आली ती देवाच्या नावाने न्याय करणाऱ्यांनी पैसे खाल्ले म्हणून. शासनव्यवस्थेत देव असावा की नसावा हा वाद जगभर झाला, अजून होतो आहे. पण त्या वादाच्या मुळाशी गेलं की दर वेळी हेच दोन प्रश्न सापडतात. देवाच्या वतीने बोलणार कोण? आणि तो चुकला तर त्याला जाब कुणी विचारायचा? या दोन प्रश्नांचा माग पुण्यापर्यंत काढता येतो, आणि तो काढायला हवा.

देवराज्याच्या कल्पनेला ग्रीक भाषेत ‘थिओक्रातिया’ हे नाव दिलं ते पहिल्या शतकाच्या अखेरीस, योसेफस या ज्यू इतिहासकाराने. त्याने ते अभिमानाने सांगितलं, पण प्रत्यक्ष कारभार कसा चाले हे सांगताना त्यालाही पुरोहित आणि प्रमुख याजक यांचीच नावं घ्यावी लागली. तोवर जेरुसलेमचं मंदिर पडलं होतं आणि ज्यू परक्या सत्तांखाली नांदत होते. तिसऱ्या शतकात बॅबिलोनियातल्या एका धर्मशास्त्र्याने, योगायोगाने त्याचंही नाव शमुवेलच, निर्णय दिला की दिवाणी व्यवहारात राज्याचा कायदा हाच कायदा.

ख्रिस्ती परंपरेत दोन्ही टोकांना आधार सापडतो. कैसराचं कैसराला आणि देवाचं देवाला द्या, हे येशूचं वचन. सत्ताधीश देवानेच नेमलेले आहेत, हे पौलाचं रोमकरांस पत्र. माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे, हे पेत्राचं उत्तर. युरोपने या तिन्हींची ओढाताण हजारभर वर्षं केली. १०७७ साली जर्मन राजा चौथा हेन्री इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस पोपच्या क्षमेसाठी ताटकळला. १५५३ साली प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात सर्व्हेटसला त्याच्या धर्ममतांसाठी जिवंत जाळलं गेलं.

इस्लामच्या इतिहासात हा प्रश्न फार लवकर, आणि फार टोकदारपणे आला. ६५७ साली सिफ्फीनच्या लढाईत चौथे खलिफा हजरत अली यांनी वाद मिटवण्यासाठी लवाद मान्य केला. त्यांच्याच सैन्यातला एक गट उठला आणि घोषणा देऊ लागला: हुकूम फक्त अल्लाचा. हेच पुढे खारिजी म्हणून ओळखले गेले. अलींचं उत्तर परंपरेने जपून ठेवलं आहे. ते म्हणाले, शब्द खरे आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे; हुकूम अल्लाचाच, पण हे लोक म्हणतात की सत्ताही फक्त अल्लाचीच, आणि माणसांना तर भला किंवा बुरा, कुणीतरी अमीर, म्हणजे राज्यकर्ता, लागतोच. धर्मग्रंथ स्वतः बोलत नाही, तो माणसंच बोलतात, हेही त्यांच्याच नावाने सांगितलं जातं. देवराज्यावर इतकं नेमकं भाष्य मला दुसरीकडे सापडलेलं नाही. आणि ते कुणा नास्तिकाने केलेलं नाही, धर्माच्या गाभ्यात उभ्या असलेल्या माणसाने केलं आहे. चार वर्षांनी, ६६१ मध्ये, एका खारिज्यानेच त्यांचा खून केला.

या वादाचा आधुनिक अध्याय मराठवाड्याला येऊन भिडतो. अल्लाचं सार्वभौमत्व हा विसाव्या शतकातल्या राजकारणाचा पाया करणारे अबुल आला मौदुदी १९०३ साली औरंगाबादेत जन्मले. १९४१ मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामीची स्थापना केली. आपल्या कल्पनेतल्या राज्याला ते ईश्वरी लोकशाही म्हणत: लोकांनी राज्यकर्ते निवडावेत, पण ईश्वरी कायद्याविरुद्ध कायदा करण्याचा अधिकार कुणालाच नसावा. त्याच काळात देवबंदचे हुसेन अहमद मदनी हिंदू-मुसलमानांचं एकच राष्ट्र होऊ शकतं असं धर्माच्याच आधारे मांडत होते, आणि कैरोत अली अब्द अल-राझिक यांनी १९२५ मध्येच लिहिलं होतं की इस्लामने राज्याचा कोणताही एक ठरावीक साचा घालून दिलेला नाही. १९७९ नंतरच्या इराणमध्ये राष्ट्राध्यक्ष आणि संसद निवडून येतात, पण उमेदवार पारखतं ते बारा जणांचं पालक मंडळ आणि सर्वांच्या वर धर्मशास्त्री सर्वोच्च नेता. इराकच्या नजफमधले थोर शिया धर्मगुरू अबुल कासिम खोई यांना मात्र धर्मशास्त्र्याची अशी राजसत्ता मान्य नव्हती. तिबेटात १६४२ पासून दलाई लामांकडे धर्म आणि राज्य दोन्ही होतं. २०११ मध्ये त्यांनी राजकीय अधिकार लोकनियुक्त नेतृत्वाकडे सोपवला.

आपल्याकडचे ग्रंथही एका सुरात बोलत नाहीत. राजा लहान मूल असला तरी त्याला माणूस समजून कमी लेखू नये, तो नररूपातली मोठी देवता आहे, असं मनुस्मृतीचा सातवा अध्याय म्हणतो. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म सांगतात की एके काळी राज्य नव्हतं, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता. प्रजा धर्मानेच एकमेकांचं रक्षण करत होती. बौद्धांच्या अग्गञ्ञ सुत्तात लोक शेतं वाटून घेतात, चोऱ्या सुरू होतात, मग ते आपल्यातलाच एक जण निवडतात आणि कामाच्या बदल्यात त्याला भाताचा वाटा देतात. या राजाचं नाव महासम्मत, सगळ्यांनी मान्य केलेला. त्याला देवाने नेमलेलं नाही. १७५० मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने सगळं राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केलं आणि पुढचे राजे देवाचे दास म्हणून राज्य करू लागले. त्यामुळे राजाला आपल्या मर्जीला धर्माचं बळ देता आलं, हेही तितकंच खरं.

महाराष्ट्रात हा गुंता शिवरायांच्या काळात वेगळ्या तऱ्हेने सुटलेला दिसतो. १६७४ च्या राज्याभिषेकात वैदिक विधी होते, गागाभट्ट होते. पण धर्मखातं सांभाळणारा पंडितराव हा अष्टप्रधानांपैकी एक, म्हणजे छत्रपतींचा नोकर होता. चिंचवडची हकीकत याच काळातली. मोरया गोसावींच्या वंशात गणपतीचा अंश पिढ्यान्‌पिढ्या उतरतो अशी श्रद्धा होती. म्हणून त्या घराण्याला देव म्हणत आणि त्यांना इनामं होती. या देवांनी गावातल्या एका तंट्याच्या निवाड्यात हात घातला, तेव्हा महाराजांनी त्यांना समजावलं की असं असेल तर तुमची बिरुदं आम्ही घेतो, आमची तुम्ही घ्या, असं सांगितलं जातं. श्रद्धेला धक्का न लावता न्यायाचं काम कुणाचं, ही रेघ त्यांनी ओढली.

पेशवाईत ती रेघ पुसट झाली. धर्म सत्तेला वेसण घालू शकतो याचं उदाहरण याच काळातलं आहे: ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं. रामशास्त्र्यांबद्दल आपल्याला वाटणारा आदर योग्यच आहे. पण त्याच राज्यात कोणत्या जातीने कोणते विधी करावेत आणि कसं अभिवादन करावं यावर सरकारचा पहारा होता. सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये, असा हुकूम १७७९ मध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने काढला तो पेशवे दरबाराच्या आग्रहावरून. रस्त्यात भेटलेल्या दोन माणसांनी हात जोडून काय म्हणायचं, हेही राज्यकारभारात येऊन बसलं होतं.

जोतीराव फुल्यांनी घाव घातला तो नेमका इथे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. फुले निर्मिकाला, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्या ईश्वराला, मानत होते, मनापासून मानत होते. त्यांना अमान्य होता तो निर्मिक आणि माणूस यांच्यामधला दलाल. समाजाने भटाशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली, आणि पुढे सार्वजनिक सत्यधर्म सांगताना जोतीरावांनी निर्मिकाने स्त्री-पुरुषांना दिलेले हक्क हाच राज्याचा पाया मानला. ईश्वराचं नाव घेऊन समतेकडे जाणारी ही वाट पुण्यातून निघाली, याचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही.

धर्मसत्तेला राज्याचा आधार उरला नाही तरी ती किती जाच करू शकते, हे १८९० च्या पंचहौद प्रकरणात दिसलं. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं ठेवली गेली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. उपस्थितांची नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्कृत करण्याचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांकडे तक्रार गेली आणि चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. इंग्रजांचं न्यायालय कुणाला चहाबद्दल शिक्षा देणार नव्हतं. पण बहिष्कार पडला की श्राद्धाला भटजी मिळेना, पंगतीत पान मांडलं जाईना, घरातल्या लग्नकार्याला माणूस फिरकेना. आणि हे सगळं बायकामुलांना, बहिणींना, म्हाताऱ्या आईवडिलांना सोसावं लागे. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झालेल्या रानड्यांनीही अखेर आप्तमित्रांच्या हालाकडे पाहून प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल ऐकून घेतले. त्यांना दुबळं ठरवणं मला पटत नाही. जिथे दाद मागायला जागाच नाही अशा सत्तेपुढे एकट्या माणसाची काय कोंडी होते, ते या प्रकरणातून कळतं.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा झाली. ह. वि. कामत यांनी सुरुवातीला ‘ईश्वराच्या नावाने’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. देवाला मतदानाला टाकू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामतांनी आग्रह सोडला नाही आणि मतदान झालं: बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरोध करणाऱ्यांत देव मानणारे पुष्कळ होते. देवाच्या नावाने इतरांवर सक्ती होऊ नये, ही त्यांची तळमळ होती. उद्देशिका ‘आम्ही भारताचे लोक’ अशीच राहिली. देवाला हद्दपारही केलं गेलं नाही. तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा ईश्वराचं नाव न घेता प्रतिज्ञा करता येते, आणि दोन्हींचं वजन कायद्याने सारखंच.

देवस्थानांच्या कारभाराचंही उत्तर मुंबई राज्याने त्याच सुमारास, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने दिलं. आपल्या कायद्यात मूर्तीच्या नावावर मालमत्ता असू शकते. तिची वहिवाट मात्र माणसं करतात. म्हणून त्यांनी देवस्थानाची नोंदणी करायची, हिशेब तपासून घ्यायचे, विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यायचा, आणि जमीन विकायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची. त्या देवस्थानाशी हितसंबंध असलेल्या साध्या भाविकालाही विश्वस्तांविरुद्ध तिथे तक्रार करता येते.