प्रतिनिधित्वाचे गणित आणि उरलेला अपूर्णांक

ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंतचे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. २०२४ च्या निवडणुकीत तेथील मतदार पंचवीस लाखांच्या घरात होते, तर लक्षद्वीपमध्ये साठ हजारही नव्हते. संसदेत मात्र दोन्हीकडून एकेकच खासदार गेला. ही तफावत कुणाच्या हलगर्जीपणामुळे पडलेली नाही. वेगवेगळ्या प्रदेशांना एकत्र आणून राष्ट्रीय शासन उभारताना माणसे समान मानायची की प्रदेश, हा पेच बहुतेक संघराज्यांना तडजोडीनेच सोडवावा लागला आहे आणि त्या तडजोडीच्या मुळाशी राजकारणाइतकेच अंकगणितही आहे.

अमेरिकेची राज्यघटना तयार होत असताना, १७८७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या परिषदेत व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, तर न्यू जर्सी, डेलावेअर यांसारखी लहान राज्ये समान मताधिकारावर अडून बसली होती. एका सभागृहात लोकसंख्येनुसार आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला समान स्थान, हा कनेटिकटच्या रॉजर शर्मन यांनी मांडलेला मध्यममार्ग १६ जुलै रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने मान्य झाला. त्याच करारात गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्याचेही ठरले. ज्यांना मताचा अधिकारच नव्हता, त्यांच्या नावावर त्यांच्या मालकांच्या राज्यांनी जागा वाढवून घेतल्या. ती तडजोड अन्याय्यच होती.

तत्त्व ठरले तरी भागाकार उरतोच. समजा, नवी मुंबईतल्या ऐरोली आणि घणसोलीतील प्रत्येकी ६०० व दिघ्यातील २०० घरांनी मिळून एक महासंघ स्थापन केला आणि समितीत १० जागा ठेवल्या. वाटे येतात ४.२९, ४.२९ आणि १.४३. आधी पूर्णांकाइतक्या जागा द्याव्यात आणि उरलेली जागा ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा त्याला द्यावी, या सरळ वाटणाऱ्या नियमाने ४, ४, २ अशी वाटणी होते. आता जागा ११ केल्या, तर वाटे ४.७१, ४.७१ आणि १.५७ होतात आणि वाटणी ५, ५, १ अशी. घरे तेवढीच राहिली, समिती मोठी झाली आणि दिघ्याची एक जागा गेली!

हे केवळ कागदी कोडे नव्हे. १८८० च्या जनगणनेनंतर अमेरिकेत याच नियमाने हिशेब मांडला गेला, तेव्हा एकूण २९९ जागा असताना अलाबामाला ८ आणि ३०० असताना ७ जागा मिळत असल्याचे आढळले. त्याआधी, १७९२ मध्ये, अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या याच पद्धतीवर आधारलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी नाकारले होते. मग थॉमस जेफरसन यांची पद्धत आली: एकूण जागा जुळतील असा भाजक निवडायचा आणि त्याने लोकसंख्येला भागून येणारा अपूर्णांक सोडून द्यायचा. तीत १८.३१ वाटा असलेल्या व्हर्जिनियाला १९ जागा मिळाल्या आणि १.६१ वाट्याच्या डेलावेअरला एक. जेफरसन व्हर्जिनियाचेच होते, हे येथे नोंदवायलाच हवे.

निर्दोष पद्धत शोधण्याची आशा गणितानेच संपवली. जागा कायम वाट्याच्या लगतच्या दोन पूर्णांकांपैकी एकच असाव्यात आणि लोकसंख्या वाढणाऱ्या राज्याची जागा घटणाऱ्या राज्याकडे कधीही जाऊ नये, या दोन्ही अटी पाळणारी पद्धत असूच शकत नाही, असे मिशेल बालिन्स्की आणि पेटन यंग या अभ्यासकांनी १९८२ च्या ग्रंथात सिद्ध करून दाखवले.

भारताने राज्यांना समान जागा दिल्या नाहीत. राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे. तरीही लोकसंख्येच्या मानाने गोव्याचे पारडे जड ठरते. लोकसभेत जागा आणि लोकसंख्या यांचे प्रमाण सर्व राज्यांत ‘शक्य तेथवर’ सारखे असावे, असे अनुच्छेद ८१ सांगतो, पण साठ लाखांपर्यंतच्या राज्यांना त्यातून सूट देतो. १९७६ मध्ये राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या, आणि लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना फटका बसू नये म्हणून ८४ व्या घटनादुरुस्तीने या गोठवणुकीची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. नवे आकडे हाती येण्यापूर्वीच भागाकाराची पद्धत ठरवून ती उदाहरणांसह लोकांपुढे मांडावी, असे मला आग्रहाने वाटते. कोणत्या नियमाने कोणाची जागा वाढते, हे एकदा दिसले की पद्धतीवरची चर्चा पद्धतीपुरती राहत नाही.