निर्लेखन : सरकारी व लष्करी सामग्रीचे (वडोदरा)

सरकारी खात्याच्या किंवा सेनादलाच्या वापरातून उतरलेली सामग्री दप्तरातून कमी करणे म्हणजे निर्लेखन. ती विकणे, तोडणे आणि तिच्यातला धातू, लाकूड, कापड पुन्हा कामी लावणे हा त्याचाच पुढचा भाग. रोजच्या बोलण्यात इतका जड शब्द कोणी वापरत नाही. गाडी ‘मोडीत काढतात’, पंखे ‘कंडम’ होतात, बाजारात येतो तो ‘डिस्पोजलचा माल’. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत लिलावाला शेजाऱ्यांचा ‘हराजी’ हा शब्दही चालतो. लिलाव पोर्तुगीजांकडून आला, हराजी अरबीतून. भंगार मात्र मराठीत आणि गुजरातीत एकच.

या सगळ्यांत ‘मोड’ हा शब्द सर्वांत नेमका आहे. फुटका तांब्या कासाराकडे मोडीत द्यायला गेले की तो आधी वजन करतो, मग सांधा आणि कल्हई बघून घट धरतो आणि उरलेल्या धातूचा भाव सांगतो. वस्तू गेली तरी धातूची किंमत उरते, आणि ती कळायला धातू ओळखावा लागतो. रणगाडा असो की कचेरीतले कपाट, निर्लेखनाचा सारा व्यवहार या ओळखीवर चालतो. ती चुकली की एक तर सरकारचा पैसा बुडतो, नाही तर माणसाचा जीव जातो.

वडोदऱ्याचे स्थान

फतेहगंजात लष्कराचे ईएमई स्कूल आहे. ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, हे दल १९४३ मध्ये उभे राहिले. रणगाड्यापासून रेडिओपर्यंतची सामग्री चालती ठेवणे हे त्याचे काम. अमुक गाडीवर आता खर्च करून उपयोग नाही, हा तांत्रिक निर्वाळाही याच दलाचे लोक देतात. शहरात हवाई दलाचा तळ आहे, प्रतापनगरला रेल्वे आहे, कोठी भागात सरकारी कचेऱ्या आहेत, आणि उतरलेला माल घेऊ शकणारे छोटे कारखाने मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आहेत. खंभातच्या आखातापलीकडे, भावनगर जिल्ह्यात, जहाजे तोडण्याचे अलंग आहे. माल काढणारे आणि माल घेणारे इतके जवळ नांदणारी शहरे थोडीच.

ईएमईच्या आवारातले दक्षिणामूर्ती मंदिर वडोदऱ्यात कोणालाही विचारले तरी ‘ईएमईचे मंदिर’ म्हणूनच सांगतात. लष्कराने ते १९६६ मध्ये बांधले. ते उभारणारे ब्रिगेडियर युजीन धर्माने ख्रिस्ती होते, देवता शिव, आणि कळस, घुमट, मनोरा, प्रवेशद्वार यांत वेगवेगळ्या धर्मांच्या खुणा. घुमट ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेला आहे. हा पत्रा लष्करी मोडीतला, असे गावात सांगतात. घुमटाजवळ उभे राहून पाहिले की एकेका पत्र्याची कड शेजारच्या कडेला कशी बसवली आहे ते दिसते. देवळाचे काम वर्कशॉपच्या हातांनी केले आहे हे कळायला माहितीफलकाची गरज लागत नाही.

कंडम ठरवण्याची रीत

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २१७ व्या नियमापासून हा विषय आहे. खात्याला वस्तूचा उपयोग उरला नसेल तर ती अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी म्हणून जाहीर करता येते. कारण मात्र लेखी हवे. मग पुस्तकी किंमत, मार्गदर्शक किंमत आणि राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली माल द्यायचा नाही ती, ठरते. उरलेली किंमत २ लाख रुपयांच्या वर असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव करावा लागतो. निविदेला साधारण १० टक्के बयाणा घेतात. लिलावात बोली सुटली की निदान २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे घेतात आणि बाकी रक्कम पुरती जमा झाल्याशिवाय माल हलू देत नाहीत.

नियम इतके सरळ असताना कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत मोडक्या खुर्च्यांचे ढीग का दिसतात? एखादी जुनी सरकारी खुर्ची उलटी करून पाहावी. बैठकीखाली पांढऱ्या रंगात खात्याची आद्याक्षरे, एक आकडा आणि वर्ष लिहिलेले असते. तोच आकडा डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे खात्याच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, असतो. रजिस्टरात त्या आकड्यापुढे शेरा पडेपर्यंत, दोन पाय गेलेली खुर्चीसुद्धा हिशोबात शाबूत असते. शेरा मारणाऱ्याला सही करावी लागते, आणि उद्या ऑडिटात ‘इतक्या स्वस्तात का दिली’ असा प्रश्न आला तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. ठेवून दिली तर कोणी काही विचारत नाही. म्हणून माल पडून राहतो, दोन-चार पावसाळे खातो, आणि ज्या पत्र्याला भाव आला असता तो गंजून किलोवर जातो. या दिरंगाईचा तोटा कोणत्याच रकान्यात लिहिला जात नाही, हे फार वाईट आहे.

पोलीस ठाण्यांबाहेरचा मुद्देमाल वरकरणी असाच दिसतो, पण तो निर्लेखनाचा माल नव्हे. तो न्यायालयाच्या ताब्यातला. गुजरातेत दारूबंदीमुळे जप्त गाड्यांची भर मोठी. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अशा मालाचे वर्णन आणि छायाचित्रे घेऊन पुढे ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश देण्याची तरतूद केली आहे.

लिलाव आणि काटा

स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या खरेदी-विक्रीचे मुख्य खाते ‘सप्लाइज अँड डिस्पोजल्स’ महासंचालनालय होते. ते ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. भंगाराच्या व्यवहारासाठी १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी आज सेनादलांचा आणि अनेक खात्यांचा माल ऑनलाइन लिलावाने विकते. रेल्वेचे स्वतःचे ई-लिलावाचे दालन आहे.

मालाचे ‘लॉट’ पाडतात आणि विक्री ‘जिथे आहे, जसे आहे’ या अटीवर होते, म्हणजे नंतर तक्रार नाही. त्यामुळे खरा सौदा पाहणीच्या दिवशी होतो. जाणता भंगारवाला खिशात दोरीला बांधलेले लोहचुंबक ठेवतो. चुंबक चिकटले तर लोखंड. नाही चिकटले तर कानशीने दोन घासे मारून रंग बघायचा: लालसर तांबे, पिवळे पितळ, दोहोंच्या मधला गनमेटल. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला दाद देत नाहीत; नवखा तिथे फसतो. ‘मिश्र भंगार’ असा एकच शेरा मारून तांब्याची केबल आणि पत्र्याचे डबे एका लॉटमध्ये घातले की राखीव किंमत पत्र्याची लागते आणि फायदा ते तांबे पाहून गेलेल्याला होतो. लॉट नीट निवडून पाडणे हेच सरकारी पैसा राखण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

मंडपातल्या जुन्या लिलावांत ठरावीक घेणारे आपसांत संगनमत करत आणि बोली चढू देत नसत. ऑनलाइन बोलीमुळे जबलपूरच्या लॉटवर वडोदऱ्यात बसून भाव लावता येतो, त्यामुळे ती पकड सैल झाली. वजनाचा प्रश्न मात्र काट्यावरच सुटतो. ट्रक आधी रिकामा, मग भरून तोलतात आणि फरकाचे पैसे घेतात. रिकामे वजन करताना ट्रकात पाणी किंवा वाळू लपवली की तेवढा माल फुकट सुटतो. म्हणून रिकाम्या ट्रकाच्या तपासणीला काट्यावर सर्वाधिक महत्त्व असते.

गाड्या

लष्करी गाडीच्या नंबरात एक उभा बाण असतो आणि त्याच्या पुढचे दोन आकडे गाडी कोणत्या वर्षी घेतली ते सांगतात. पाटी उलटी लागली तर बाण खाली तोंड करतो, त्यामुळे नंबर कोणत्या बाजूने वाचायचा याबद्दल शंका राहत नाही. हा नंबर आरटीओचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे संरक्षणाच्या गाड्यांची नोंदणी वेगळी होते, आणि सेवेतून बाहेर पडलेल्या गाडीची नोंदणी नव्या मालकाला पुन्हा मुलकी पद्धतीने करावी लागते. लिलावात जीप सुटली म्हणून उद्या ती घेऊन पावागडला जाता येत नाही.

त्यातही १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पुरी झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच तोडाव्या लागतात. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरात असलेली चिलखती व विशेष वाहने यातून वगळली आहेत. हौशी लोकांना हे जिवावर येते, पण गाडी दुसऱ्याच्या हाती जाऊन आणखी वीस वर्षे धूर सोडत राहण्यापेक्षा तिचे पोलाद भट्टीत जाणे बरे.

महायुद्धाचा माल

आजच्या डिस्पोजल बाजाराचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांनी जीप, तंबू, जेरीकॅन, वायरलेस संच भारतात सोडले. त्या वायरलेस संचांवर हौशी रेडिओवाल्यांची एक पिढी शिकली. कानपूरजवळ चकेरीला मुद्दाम नासधूस करून टाकलेली बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमाने पडली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती उडण्यापुरती सावरली, वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळुरूला उडवत नेली, आणि १९४८ मध्ये ती भारतीय हवाई दलात दाखल होऊन १९६८ पर्यंत सेवेत राहिली. भंगाराच्या ढिगातून पुरते बॉम्बफेकी दल उभे करण्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

वडोदऱ्याच्या तळावरही आता पिढी बदलते आहे. इथल्या ११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने दीर्घकाळ ॲव्रो ही वाहतुकीची विमाने चालवली. २०२३ मध्ये सी-२९५ विमाने प्रथम याच स्क्वाड्रनकडे आली. या विमानांच्या बांधणीच्या वडोदऱ्यातल्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. उतरलेल्या विमानाचे चालू सुटे भाग आधी काढून ठेवतात, मग सांगाडा तोडतात. विमानाच्या ॲल्युमिनियममध्ये तांबे किंवा जस्त मिसळलेले असते. ते भांड्यांच्या ॲल्युमिनियममध्ये गेले तर सगळी भट्टी बिघडते.

जहाजे

जुनी ‘विक्रांत’ ही नौदलाची विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून मुंबईत राहिली, आणि सुमारे ६० कोटी रुपयांना विकली जाऊन २०१४ पासून तिथल्याच दारूखाना या जहाजे तोडण्याच्या भागात तोडली गेली. तिचा काही धातू बजाजने २०१६ मध्ये आणलेल्या ‘व्ही’ मोटरसायकलीत वापरला. दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’ २०२० मध्ये ३८.५४ कोटी रुपयांत अलंगच्या किनाऱ्याला लागली. अलंगला १९८३ पासून जहाजे तुटत आहेत. तिथले पोलाद रोलिंग मिलमध्ये जाते, आणि केबिनमधली कपाटे, पलंग, कपबशा त्रापज-अलंग रस्त्याच्या दुतर्फा दुकानांत विकायला लागतात. २०१९ चा जहाज पुनर्चक्रण कायदा युद्धनौकांना लागू नाही. मला ही उणीव वाटते, कारण ॲस्बेस्टॉस कापणाऱ्या मजुराच्या फुप्फुसाला जहाज व्यापारी होते की लढाऊ याने फरक पडत नाही.

धोके

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमुळे कामगार भाजले आणि एकाचा मृत्यू झाला. तो कोबाल्ट दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेल्या गॅमा विकिरण यंत्रातला होता. यंत्राला जाड शिशाचे आवरण होते. घेणाऱ्याला ते शिसे दिसले, भाव दिसला. आत काय आहे ते त्याला कोणी सांगितले नाही. विद्यापीठे, इस्पितळे आणि प्रयोगशाळा असलेल्या वडोदऱ्यासारख्या प्रत्येक शहराच्या निर्लेखन समितीला ही घटना तोंडपाठ असायला हवी. अशा यंत्राच्या विल्हेवाटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि तो स्रोत भंगारवाल्याकडे जाता कामा नये.

दारूगोळ्याचे तसेच. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत गोळे निघाले आणि स्फोटात १० कामगार गेले. झाडलेल्या काडतुसांचे पितळ चांगल्या भावाचे असते, म्हणून गोळीबाराच्या मैदानांच्या आसपासचे गरीब लोक ते वेचतात आणि न फुटलेला गोळा हाती लागून मरतात. रिकामी काडतुसे एकेक तपासून, चेपून किंवा कापूनच बाहेर पाठवायची असतात.

संगणक आणि बॅटऱ्या आवाज करत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. २०२२ च्या ई-कचरा आणि बॅटरी नियमांप्रमाणे या दोन्ही वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच गेल्या पाहिजेत. हार्डडिस्क संगणकातून काढून, आतली माहिती नष्ट करूनच लॉटमध्ये घालावी. ट्रकाची जुनी बॅटरी परसात फोडून शिसे काढणारा आम्ल गटारात ओततो, आणि शिशाचा धूर सर्वांत आधी भट्टीशेजारी खेळणाऱ्या त्याच्याच पोरांच्या अंगात जातो.