घरगुती सस्पेन्शन-बदल

गाडीसोबत कंपनीकडून आलेले शॉकअप आणि स्प्रिंगा काढून बाजारातला दुसरा संच मालकाने स्वतः, घराच्या आवारात किंवा पार्किंगमध्ये बसवणं, या कामाला इथे घरगुती सस्पेन्शन-बदल म्हटलंय. नवा संच बहुधा बुटका आणि कडक असतो, भारतात बरेचदा उलट म्हणजे गाडी उंच करणारा. संचाचे ढोबळ प्रकार तीन: नुसत्या स्प्रिंगा, स्प्रिंग अधिक त्याच्या जोडीचा शॉकअप, आणि आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंगची बैठक वरखाली करता येते तो कॉइलओव्हर. गाडी जॅकवर कशी घ्यायची, चाक कसं काढायचं हे वाचकाला येतं असं धरून चाललोय.

नोंदीचा भर मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच उभा खांब) असलेल्या गाड्यांवर आहे, कारण आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत पुढे तोच असतो आणि घरी काम करणाऱ्याचा खरा कस तिथेच लागतो. डबल विशबोन गाडीत चाकाची बैठक वरखाली असलेले दोन आर्म (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्या) ठरवतात, शॉकअप मधे फक्त धक्का खायला असतो. स्ट्रटच्या गाडीत मात्र शॉकअप हाच वरचा आर्म, स्टीअरिंग फिरवताना चाक ज्याभोवती फिरतं तो आसही त्याच्यातूनच जातो, म्हणजे दोन बोल्ट सोडून स्ट्रट हातात घेतला की गाडीच्या भूमितीलाच हात घातलेला असतो.

स्ट्रटचा उगम

हा मुद्दा वाटतो तितका सरळ नाही. नाव अर्ल एस. मॅकफर्सन (१८९१–१९६०) या अमेरिकन इंजिनिअरचं, आणि त्याने हे डिझाइन जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट या छोट्या, स्वस्त गाडीसाठी केलं याबद्दल फारसं दुमत नाही. प्रकल्प १९४५ च्या सुमारास सुरू झाला, १९४७ मध्ये गुंडाळला गेला, आणि त्याच वर्षी मॅकफर्सन फोर्डकडे गेला. पेटंटचा अर्ज १९४७ चा, तो जनरल मोटर्सच्या नावे, मंजुरी १९५३ ची. फोर्डसाठीचा दुसरा अर्ज १९४९ चा. थोडक्यात ज्या कंपनीच्या पैशात कल्पना जन्मली तिने ती फळीवर ठेवली आणि प्रतिस्पर्ध्याने रस्त्यावर आणली.

त्याच्या आधीचं काय, इथे मतं फाटतात. फियाटच्या ग्विदो फोर्नाका याच्या नावे १९२० च्या दशकाच्या मध्याचं, स्प्रिंग आणि शॉकअप एका खांबात बसवणारं डिझाइन आहे आणि काही लेखक मॅकफर्सनने तिथूनच प्रेरणा घेतली असं ठामपणे लिहितात. काही जण आणखी मागे, जे. वॉल्टर क्रिस्टीच्या १९०४ च्या सुमाराच्या रेसिंग गाड्यांपर्यंत जातात. साम्य आहे हे खरं, पण साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. मॅकफर्सनच्या मांडणीत अँटी-रोल बारलाच (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी आडवी दांडी) खालच्या आर्मचा एक पाय करून टाकला होता, सुटे भाग कमी करायची ही चलाखी आधीच्यांपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे पूर्वसूरी होते पण जोडणी त्याची, हे मत जास्त पटणारं.

कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली स्ट्रटवाली गाडी कुठली यावरही असाच घोळ. बऱ्याच जुन्या संदर्भांत फ्रान्समधल्या फोर्ड व्हेडेटचं नाव येतं, साल १९४८ किंवा १९४९. पण व्हेडेटची पुढची मांडणी मुळात विशबोन आणि कॉइल स्प्रिंगची, कारखाना सिम्का कंपनीकडे गेल्यावर १९५४ च्या सुधारित गाडीत स्ट्रट आले, असा आक्षेप नंतरच्या लेखनात घेतला जातो आणि तो वजनदार आहे. ब्रिटनमधली फोर्ड कॉन्सुल, जी ऑक्टोबर १९५० मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली, आणि तिची मोठी बहीण झेफर यांच्या पुढच्या चाकांना स्ट्रट होते यावर कुणाचाच वाद नाही, म्हणून तारीख द्यायचीच तर १९५० देणं सुरक्षित. मागच्या चाकांसाठी हीच कल्पना कॉलिन चॅपमनने आपल्या लोटस कंपनीच्या गाड्यांत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरली, तिला चॅपमन स्ट्रट म्हणतात.

भारतात अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे, पद्मिनीला पुढे विशबोन-कॉइल आणि मागे पाटेच, त्यामुळे मेकॅनिक मंडळींचा स्ट्रटशी रोजचा संबंध आला तो डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतर. शॉकअपचं उत्पादन मात्र इथे जुनं, गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली.

स्प्रिंग आणि शॉकअप

कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येने कमी होतो. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून तार १२ मिमीची १३ मिमी केली की स्प्रिंग साधारण ३८ टक्के कडक, आणि ६ वेढ्यांतला एक कापला की २० टक्के. ग्राइंडरने स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणारे हेच करत असतात, फक्त किती कडक होतेय ते त्यांना ठाऊक नसतं आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही ते वेगळंच. गॅसच्या ज्योतीने तापवून बसवणं त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं.

आपल्याकडे वेढ्यांच्या मधे रबराचे बफर घालून मागची बाजू उचलायची पद्धत जास्त चालते, स्वस्त आहे, जॅकसुद्धा नीट लावावा लागत नाही. पण बफर जिथे बसतो तो वेढा कामातून जवळपास बाद होतो, बाकीच्यांवर ताण वाढतो आणि स्प्रिंग कडक होते, हे विकणारा सांगत नाही.

कॉइलओव्हरबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे खालची चकती फिरवून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवला की स्प्रिंग कडक होते. सरळ दराची (दर मिलिमीटरला सारखाच भार घेणारी) स्प्रिंग आहे आणि प्रीलोड गाडीच्या त्या कोपऱ्यावरच्या वजनापेक्षा कमी आहे तर कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी वर उचलली जाते आणि शॉकअपचा वरचा-खालचा प्रवास वेगळा वाटला जातो. ज्या संचांत खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो तिथे उंची बदलूनही हा प्रवास शाबूत ठेवता येतो, महाग संच महाग असण्यामागे हे एक कारण.

शॉकअप दोन घराण्यांचे. दुहेरी नळीचा, आणि एकाच नळीत दाबाखालचा नायट्रोजन तरत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवणारा. हा दुसरा फ्रेंच संशोधक द कार्बोन याच्या कामातून आला आणि बिल्स्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी मोठ्या प्रमाणावर बनवला. घरी बसवणाऱ्याला फरक इतका कळला पाहिजे की दुहेरी नळीवाला खोक्यात आडवा पडून आलेला असतो, आत हवा तेलात शिरलेली असते, म्हणून उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून मगच बसवायचा. नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला टकटक होते आणि माल खराब निघाला म्हणून परत पाठवला जातो.

प्रत्यक्ष काम

सपाट काँक्रीटची जागा हवी, पेव्हर ब्लॉक खचतात आणि डांबर उन्हात दबतं. गाडी घोड्यांवरच (जॅक स्टँडवर) पाहिजे, जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. स्ट्रटच्या ब्रॅकेटला अडकवलेला ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आधी सोडायची, मग स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणारा लिंक रॉड. त्याचा नट फिरवताना आतला बॉल पण फिरतो म्हणून त्याला अ‍ॅलन की किंवा पातळ पाना लावून धरावं लागतं. नकलच्या (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टांची जागा खिळ्याने ओरखडून ठेवायची, कारण बऱ्याच गाड्यांत कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) तिथल्या मोकळिकीवरच ठरतो. बोल्ट निघाले की नकल बाहेर झुकते, ती तारेने बांधून ठेवली नाही तर होज ताणला जातो किंवा ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो. बॉनेटखालचे वरचे नट सगळ्यात शेवटी आणि एका हाताने स्ट्रट धरून सोडायचे. मधला मोठा नट गाडीवर असताना सोडायचाच नाही, स्प्रिंग दाबून धरणारा तोच असतो.

कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने आणि पावसाने हे बोल्ट अक्षरशः वेल्ड झाल्यासारखे होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवणं आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवणं शहाणपणाचं, कारण लिंक रॉडचा नट तर हमखास कापावाच लागतो.

जुना टॉप माउंट (स्ट्रटला वर बॉडीशी जोडणारा भाग) परत वापरायचा असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग हुकांनी दाबून धरणारं हत्यार, आला, आणि या सगळ्या कामात जीवावर बेतणारी पायरी हीच. दर मिलिमीटरला अडीच किलो भार घेणारी स्प्रिंग १२ सेंमी दाबली की ३०० किलोचा जोर त्या दोन हुकांवर असतो. हुक समोरासमोर, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे पिळायचे, इम्पॅक्ट गन लावायची नाही, तोंड स्प्रिंगच्या टोकासमोर न्यायचं नाही. रस्त्याकडेला हेच काम दोरी आणि पायाने करणारे कारागीर आहेत, त्यांचं कौशल्य मान्य करूनही ते अनुकरणीय नाही. नव्या शॉकअपवर मधला नट आवळताना दांडा चिमट्याने पकडला की त्याच्या चकाकीवर ओरखडा पडतो आणि नव्या शॉकअपचं सील काही आठवड्यांत गळायला लागतं. बेअरिंग आणि माउंट जुने असतील तर यातच बदलून टाकावे, परत इतकं उघडायचं कोणी?

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेल्या हॅचबॅकमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम जॅकवर हळूहळू खाली घेतला की स्प्रिंग हातात येते, कॉम्प्रेसर बहुधा लागत नाही.

रबर बुशचा नियम

घरी केलेल्या कामांत सर्वाधिक चुकणारी गोष्ट ही. आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबराची विश्रांतीची जागा ती ठरते. मग गाडी जमिनीवर आली की बुश कायमचा पिळलेला. परिणाम असा की गाडी अपेक्षेपेक्षा थोडी उंच उभी राहते, राइड विनाकारण ताठ लागते, आणि बुश अकाली फाटतो. म्हणून हे बोल्ट नुसते अडकवून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मखाली जॅक लावून चालत्या उंचीला आणायची, आणि मगच टॉर्क रेंचने कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. नकलच्या आणि वरच्या माउंटच्या बोल्टांना हा नियम नाही, तिथे रबर पिळण्याचा प्रश्नच नसतो.

गाडी खाली बसवल्यावर

गाडी खाली केली की ती वळणावर कमी कलते, असं सरसकट मानलं जातं. स्ट्रटच्या बाबतीत याला मोठी पुस्ती जोडावी लागते. गुरुत्वमध्य खाली येतो, त्यामुळे आतल्या चाकांकडून बाहेरच्या चाकांकडे जाणारा एकूण भार थोडा कमी होतो, हे बरोबर. पण गाडी किती कलणार हे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर (बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) यांच्यातल्या अंतरावर ठरतं, आणि खालच्या आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं की रोल सेंटर बॉडीपेक्षा वेगाने खाली घसरतं. बॉडी ३० मिमी खाली आणि रोल सेंटर त्याहून जास्त, म्हणजे मधलं अंतर वाढलं. बुटक्या संचाच्या स्प्रिंगचा वाढीव कडकपणा काही प्रमाणात हे नुकसान भरून काढण्यातच खर्च होतो. दोन्ही बाजूंनी लिहिणारे आहेत, पण एक बाजू भाराबद्दल बोलते आणि दुसरी कलण्याबद्दल, त्यामुळे वाद बराचसा फुकाचा. याच कोनामुळे वळणावर दबलेल्या चाकाचा निगेटिव्ह (वरून आत झुकलेला) कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी होतो, आणि टाय रॉडचा (स्टीअरिंगची हालचाल चाकाला देणारी दांडी) कोन आर्मशी जुळेनासा झाला तर खड्ड्यात चाक आपोआप वळतं. लांब खुंटाचे बॉल जॉइंट आणि तसेच टाय रॉडचे सांधे बसवून दोन्ही गोष्टी बऱ्याच दुरुस्त होतात.

टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) तर हमखास बदलतो, म्हणून काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट. नव्या स्प्रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, तेव्हा उंची आणि बोल्ट परत तपासायचे. हेडलाइटचा झोत आणि, असेल तर, मागच्या आर्मवरचा लेव्हल सेन्सर हेही बघावं लागतं.

कायदा

जर्मनीत भागासोबत तांत्रिक प्रमाणपत्र लागतं आणि बहुतेक वेळा तपासणी केंद्रात जाऊन बदलाची नोंद करून घ्यावी लागते. जपानमध्ये जमिनीपासून किमान ९ सेंमी अंतर राखावंच लागतं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या कायदा-दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ मापाचा दुसऱ्या कंपनीचा शॉकअप बसवणं ही बदल नव्हे, नुसती डागडुजी धरली जाते. उंची बदलणारा संच त्या सवलतीत बसतो असं मानणं धाडसाचं.