फायरबग

फायरबग : मुद्दाम आग लावणाऱ्या, विशेषतः पुन्हापुन्हा आगी लावत सुटणाऱ्या माणसासाठी इंग्रजी बोलीत वापरला जाणारा शब्द. तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळला. आजही तो गप्पांत आणि मथळ्यांत भेटतो, आरोपपत्रात मात्र नाही. तिथे 'आर्सनिस्ट' हा भारदस्त शब्द येतो, ज्याच्या मुळाशी 'जळणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे.

'बग' म्हणजे किडा. एखाद्या गोष्टीची खोड किंवा वेड लागलेल्यालाही अमेरिकन इंग्रजी 'बग' म्हणते. सतत फोटो काढत फिरणारा तो शटरबग, रस्त्यात कचरा टाकणारा तो लिटरबग. मुंबईकराला हे समजावून सांगावे लागत नाही. 'त्याच्या डोक्यात किडा आहे', 'उगाच किडे करू नकोस' हे इथल्या कट्ट्यावर रोज ऐकू येते आणि त्यातला किडाही तोच, आत वळवळणारा, स्वस्थ बसू न देणारा. अर्धा शब्द असा मराठीत आयता मिळतो. अडते ते आगीपाशी.

कारण 'आगलाव्या' हा शब्द मराठीने आधीच दुसऱ्या कामाला जुंपला आहे. चाळीच्या नळावर एकीचे बोलणे तिखटमीठ लावून दुसरीच्या कानावर गेले आणि संध्याकाळी दोन्ही खोल्यांत भांडी आपटू लागली, की सांगणारीचे नाव पडते 'आगलावी'. तिने काडेपेटीला बोटही लावलेले नसते. काडी टाकणे, काड्या घालणे, आगीत तेल ओतणे हे सारे वाक्प्रचार भांडणांचेच. कळलाव्या नारद त्यांचा भाऊबंद. त्यामुळे फायरबगला 'आगलाव्या' म्हटले की वाचकाला पेटलेले गोदाम दिसत नाही, पेटलेली जाऊबाई दिसते. 'जाळपोळ करणारा' हेही नीट बसत नाही. जाळपोळ म्हटली की जमाव आणि 'बंद' डोळ्यांपुढे येतो, फायरबग तर बहुधा एकटा असतो. संस्कृतात नेमका शब्द होता. वसिष्ठ धर्मसूत्रातल्या सहा आततायींमध्ये पहिला मान 'अग्निदा'चा, विष घालणाऱ्याच्याही आधी. पुढे मराठीत आततायी टिकला, अग्निद विस्मरणात गेला.

वर्तमानपत्रांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे, तो म्हणजे 'माथेफिरू'. रात्री इमारतीखाली उभ्या दुचाक्या कोणी पेटवल्या की मथळ्यात हा हजर. सकाळी बघावे तर सीटचा फोम वितळून टाकीवर ओघळलेला, टायरच्या जागी तारेची कडी, भिंतीवर पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत काजळी आणि पंचनाम्याला पंच शोधणारा हवालदार. तपासात पार्किंगवरून झालेली बाचाबाची किंवा जुनी खुन्नस निघाली, तर माथेफिरू हा शब्द तिथेच खोटा पडतो. ज्याने माथे ठिकाणावर ठेवून हिशेबाने घासलेट ओतले, त्याला वेडा म्हणणे म्हणजे त्याची सोयच.

मनोविकारशास्त्र हा भेद काटेकोरपणे पाळते. 'पायरोमेनिया'च्या निदानासाठी त्या व्यक्तीने एकाहून अधिक वेळा जाणूनबुजून आग लावलेली असावी लागते. आधी मनावर ताण, आगीविषयी ओढ आणि पेटल्यावर सुख किंवा सुटका ही लक्षणे पाहिली जातात. विम्याचे पैसे, सूड, राजकारण किंवा दुसरा गुन्हा लपवणे यांसाठी लावलेली आग त्यात मोडत नाही. खरा पायरोमेनिया दुर्मीळ आहे. बोलीतला फायरबग मात्र हे सगळे एकाच टोपलीत भरतो. फक्त सुपारी घेऊन आग लावणाऱ्याला अमेरिकन इंग्रजीत वेगळे नाव आहे, 'टॉर्च'.

फायरबगचे ब्रिटिश वळण 'फायर-रेझर'. स्कॉटलंडच्या कायद्यात तर गुन्ह्याचे नावच 'विलफुल फायर-रेझिंग'. स्विस नाटककार मॅक्स फ्रिश यांचे १९५८ साली रंगभूमीवर आलेले जर्मन नाटक ब्रिटनमध्ये 'द फायर रेझर्स' आणि अमेरिकेत 'द फायरबग्ज' या नावांनी ओळखले गेले, हा या भौगोलिक फरकाचा बोलका नमुना.

फायरबगच्या वर्णनात चपखल बसणारा आणि तरीही अंगावर काटा आणणारा माणूस म्हणजे जॉन ऑर. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेलच्या अग्निशमन दलात तो आगींचा तपास अधिकारी होता आणि आगी लावत होता तोच. १९८४ साली साऊथ पॅसाडिना येथील दुकानाच्या आगीत चार जण गेले. त्या खुनांसाठी १९९८ मध्ये तो दोषी ठरला.

मुंबईत अशा प्रकरणी आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३२६ लागते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहितेची कलमे ४३५ आणि ४३६. राहते घर, प्रार्थनास्थळ किंवा माल साठवण्याची जागा नष्ट करण्यासाठी आग लावल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याचे नाव 'आगळीक', म्हणजे ऐकताना शेजारच्या मुलाने खोडी काढल्यासारखे वाटावे. आग शॉर्ट सर्किटने लागली की लावली गेली, हा वाद असल्यास जळक्या अवशेषांचे नमुने हवाबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. मुंबईत ती कलिना येथे आहे. राखेत पेट्रोल वा घासलेटचा अंश सापडला तर 'शॉर्ट सर्किट'ची गोष्ट फार काळ टिकत नाही.

फायरबग नावाचा एक खराखुरा किडाही आहे, युरोपातला लाल-काळा 'पायरोकोरिस'. कपाशीवरचा आपला लाल ढेकण्या त्याच कुळातला. काजवा वेगळा, त्याला इंग्रजीत 'फायरफ्लाय' म्हणतात. मुंबईतल्या वेब डेव्हलपरांच्या एका पिढीला मात्र फायरबग म्हटले की २००६ साली आलेले फायरफॉक्स ब्राउझरचे एक जोडसाधन आठवते. पानातल्या चुका, म्हणजे तिथलेही 'बग', शोधायला ते वापरत. २०१७ मध्ये ते बंद झाले आणि त्यातल्या सोयी ब्राउझरच्या स्वतःच्या साधनांत आल्या.