१,७६,६३,१९,०४९

१७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९ ही एक विषम पूर्णांक संख्या. २२,६१,५३,९८० चा वर्ग करून त्याला ६१ ने गुणले आणि १ मिळवला, की बरोबर या संख्येचा वर्ग येतो. ६१ साठी याहून लहान जोडी (शून्य व एक सोडल्यास) नाही. ही उकल भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) ‘बीजगणित’ ग्रंथात आहे. अशा समीकरणाला वर्गप्रकृती म्हणतात. त्यात ६१ ही प्रकृती, मिळवलेला १ हा क्षेप, लहान संख्या कनिष्ठ मूळ आणि प्रस्तुत संख्या ज्येष्ठ मूळ होय.

नवल हे, की ६१ च्या दोन्ही बाजूंना असे काही घडत नाही. ६० साठी ज्येष्ठ मूळ ३१, ६२ साठी ६३. मधल्या ६१ ला मात्र थेट दहा अंक लागतात. एकेक संख्या तपासत जाणाऱ्याला हे उत्तर सापडणे जवळजवळ अशक्यच. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीने, म्हणजे फेरीफेरीने एका जोडीवरून पुढची जोडी काढत, मिळवले. आरंभ अगदी साधा, ८ आणि १ या जोडीचा: ८ च्या वर्गातून ६१ वजा केले की ३ उरतात, हा क्षेप. पुढच्याच फेरीत ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, म्हणजे क्षेप उणे ४. इथून प्राचीन गणिती ब्रह्मगुप्तांची भावना, म्हणजे दोन जोड्यांच्या गुणाकारातून नवी जोडी काढण्याची रीत, वापरली की २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी येते, क्षेप उणे १. तिची स्वतःशीच भावना केली की काम संपले.

याच २९,७१८ मुळे या संख्येचे शेजारीही देखणे आहेत. तिच्यातून १ वजा केल्यास २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते. १ मिळवल्यास ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. ज्येष्ठ मुळाला कनिष्ठाने भागले, तर ६१ चे वर्गमूळ १७ दशांश स्थळांपर्यंत बिनचूक मिळते.

भास्कराचार्यांच्या जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. खानदेशाचा त्यांच्या परंपरेशी असलेला संबंध मात्र दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. मठाला तिथल्या निकुंभ घराण्यातील राजांनी दाने दिली. लेख संस्कृत असला तरी दानाचा तपशील सांगणाऱ्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारातल्या मालावरचे उत्पन्न मठाला द्यावे, घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असा हा रोकडा व्यवहार. पाटणच्या पेठेतील तेलावर गणिताचे अध्यापन चाले, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी.

पुढे १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्मा यांनी हाच ६१ चा प्रश्न युरोपातील गणितींपुढे ठेवला, सोबत १०९ ही संख्याही दिली. १०९ चे ज्येष्ठ मूळ १५,८०,७०,६७,१९,८६,२४९ इतके प्रचंड आहे. पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक प्रकृतीला अशी उकल असतेच, हे गणिती लाग्रांज यांनी १७६८ च्या सुमारास सिद्ध केले.